रंजना वानखेडे आडवी होऊन ऐकायची

रंजना वानखेडेची चादर माझ्या कपाटात आहे आणि मी ती परत पाठवणार नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको. चादर सोलापुरी, निळी-पांढरी, एका कडेला विरलेली. ती ओहायोहून फोनवर विचारते, "ताई, पाठवली का वो?" मी म्हणते, "टाकते गं पोस्टात." आणि फोन ठेवल्यावर कपाटाचं दार उघडून बघते, आहे ना जागेवर.

फ्रिस्कोमध्ये आमच्या गल्लीत चार घरं सोडून ती राहायची. माणूस म्हणून बघायला गेलं तर तिच्यात विशेष काही नव्हतं. बुटकी, अंगानं भरलेली, केसांना कायम क्लिप, आणि चालणं असं की ती येतेय हे ड्राइव्हवेपासून कळावं. मूळची नागपूरची. एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेसचं काम करायची. नवरा कन्सल्टिंगमध्ये, सोमवारी विमानानं जायचा तो गुरुवारी उगवायचा. मुलगा ऑस्टिनला कॉलेजात. कुणाच्याही घरात शिरताना ती चपला काढायची, मग मोजेही काढायची, त्यांची घडी करून चपलांत खोचायची आणि अनवाणी आत यायची. कितीही चांगली गोष्ट दाखवा, तिचं सर्वांत मोठं सर्टिफिकेट म्हणजे "वाईट नाही." माझ्या पुरणपोळीलासुद्धा तिनं एवढंच दिलं होतं.

आता माझं सांगते. रंजना यायच्या आधी आमच्या मराठी मंडळात काहीही घ्यायचं झालं की लोक म्हणायचे, स्मिताला विचारा. गादी कुठली, मिनिव्हॅन कुठली, डोशाचा तवा कुठला. मी पुण्याची, निवड करण्यात आणि दुसऱ्याची निवड चुकली हे सांगण्यात माझा हात कुणी धरला नसता. मी एक्सेल शीट करायची, रिव्ह्यू वाचायची, आणि घेतलेली वस्तू आयुष्यात कधी परत केली नाही. इथे लोक टूथब्रशसुद्धा वापरून रिटर्न करतात. मला त्याची लाज वाटायची. नीट निवडलं तर रिटर्न कशाला लागतं?

आणि मग ही बाई आली. तिनं माझं सगळं राज्य घेतलं असं नाही, एकच गाव घेतलं. बेडरूममधल्या टीव्हीचा आवाज. आमच्या इकडे प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर मीडिया रूम असते. घर घेतलं की तिथे मोठा पडदा, थिएटरच्या खुर्च्या, भिंतीत स्पीकर असं सगळं होतं, गृहप्रवेशाला सगळ्यांना दाखवलं जातं, आणि वर्षभरात तिथे कपडे वाळत पडतात. टीव्ही बघायचा तो सगळ्यांना रजईत पाय घालूनच. हे रंजनानं ओळखलं होतं. ती म्हणायची, "थिएटर वर असते, पण रडतात सगळे बेडरूममध्येच." मग त्या बेडरूममधल्या टीव्हीखाली कुठला साउंडबार, म्हणजे तो लांबट स्पीकर, बसेल, मागे स्पीकर हवेत का, ते धाडधाड वाजणारं सबवूफर नावाचं खोकं हवं का, हे विचारायला लोक तिच्याकडे जायला लागले. आमची घरं लाकडी चौकटीची, भिंती पुठ्ठ्यासारख्या. एका खोलीत सबवूफर वाजलं की दुसऱ्या खोलीतलं पोर दचकतं. रंजनाचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं. पलंग हलला म्हणजे आवाज चांगला, असं नसते बाप्पा.

तिची पद्धत मात्र मी आजवर कुणाची पाहिली नाही. तुम्ही तिला बोलावलं की ती स्वतःची चादर घेऊन यायची. तीच ती सोलापुरी. थेट बेडरूममध्ये जायची, विचारायची, कोण कुठल्या बाजूला झोपतं? त्या बाजूला आपली चादर अंथरायची, तुमच्या उशीवर तुमच्यासारखं डोकं ठेवायची आणि डोळे मिटायची. आधी टीव्ही बंद ठेवून नुसतीच पडायची. मग टीव्ही लावून. मग तुम्हाला म्हणायची, तुम्ही जे रोज पाहता ते लावा, माझ्यासाठी भारीतलं काही लावू नका. आणि आख्खा एपिसोड आडवी होऊन ऐकायची, एक शब्द न बोलता. तिचं म्हणणं सरळ होतं. दुकानात माणूस उभा राहून ऐकतो, घरी आडवा होऊन ऐकतो, मग फसणार नाही तर काय होणार.

नवं खोकं लावून बघायचं झालं की ती फोनवरून एक रेकॉर्डिंग वाजवायची. गाणं नाही, काही नाही. तिच्याच किचनमधलं रेकॉर्डिंग, फोडणीचं. तेल तापतंय, मोहरी पडतेय, एक-एक दाणा तडतडतोय, मागे बांगड्या, आणि रंजनाचाच आवाज, "कोथिंबीर धुतली का रे?" बस. ज्या स्पीकरमधून मोहरीचा दाणा न् दाणा वेगळा आला आणि कोथिंबिरीचं वाक्य स्पष्ट कळलं तो पास. "स्फोट तर कोणताही डबा वाजवते," ती म्हणायची, "मोहरी वाजवून दाखवा म्हणा."

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलंसुद्धा, की लोकांच्या पलंगावर लोळायला ही चांगली युक्ती आहे. तो म्हणाला, तू जळतेस. मी म्हटलं, मी कशाला जळू? जळतच होते. इतक्या वर्षांत मला लोकांनी त्यांच्या शू रॅकपर्यंत नेलं होतं, फार तर किचनपर्यंत. हिला थेट उशीपर्यंत.

आमच्या मंडळात एक जोडपं आहे, नावं सांगत नाही. त्यांच्या घरची गादी मी निवडली होती. किंग साइज, मधे दाब पडला तरी दुसऱ्या बाजूला हलत नाही अशी, मला त्या निवडीचा अभिमान होता. त्यांनी साउंडसाठी रंजनाला बोलावलं. तिनं नेहमीचं विचारलं, कोण कुठल्या बाजूला? दोघं एकदम म्हणाले, उजव्या. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रंजनानं पाहिलं, पलंगावर उशी एकच होती. तिनं उजव्या बाजूला चादर अंथरली, ऐकलं, उठली आणि म्हणाली, एका मोठ्या डब्यापेक्षा तुम्हाला दोन लहान बरे पडतील, एक इथे आणि एक वर मीडिया रूममध्ये, तिथेही कुणी आडवं होत असेल ना. एवढंच. पुढे कुठल्या पॉटलकमध्ये नाही, कुठल्या हळदीकुंकवात नाही, तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. मला हे कळलं कारण त्या बाईनंच मला सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून, की इतकं सांभाळून कुणी घेतलं नव्हतं. त्या गादीच्या दोन्ही बाजू मी स्वतः दाबून बघितल्या होत्या, आणि एक बाजू रिकामी असते हे मला ठाऊक नव्हतं. घरी आले तेव्हा माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या.

पण हे सगळं चालून गेलं असतं. रंजना माझ्या आईपर्यंत पोहोचली तिथे खरी ठिणगी पडली.

आई सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. आख्खी नोकरी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे कॉल जोडण्यात गेली. बाबा गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आले. खालची बेडरूम तिला दिली, जिने नकोत म्हणून. तिच्या खोलीला लागून माझी स्टडी, जिथे मी दिवसभर काम करते. आईचा टीव्ही ड्रेसरवर, पलंगासमोर, आणि त्यावर मराठी मालिका. सुरुवातीला ठीक होतं. मग आवाज वाढत गेला. इतका, की मालिकेतल्या सासवा माझ्या मीटिंगमध्ये भांडायला लागल्या. मी उठून जायचे, दारात उभी राहून म्हणायचे, आई, आवाज! ती रिमोट हातात घ्यायची आणि म्हणायची, "हो गं, करते. चहा घेतलास? हे बघ, हिच्या जावेनं काय केलंय." पलंगाच्या कडेवर हात थोपटायची. मी म्हणायचे, कॉल आहे आई, आणि परत यायचे. तासाभरात पुन्हा तेच. दिवसाला कितीदा तरी.

हेडफोन घे म्हटलं तर म्हणाली, जन्मभर लावला, आता नाही लावणार. कान तपासून घेऊ म्हटलं तर म्हणाली, मला सगळं ऐकू येतं. सगळे म्हातारे असंच म्हणतात. जन्मभर हेडफोन लावून कान गेले असणार, असं मी ठरवून टाकलं, आणि तिच्या बेडरूमसाठी साउंड सिस्टिम शोधायला बसले. बोलणं स्वच्छ ऐकू येईल, आवाज मात्र लहान राहील अशी. एक्सेल शीट उघडली. आणि एक दिवस मिलिंद किचनमध्ये उभा राहून निर्मळ मनानं म्हणाला, "रंजनाला विचार ना यार, ती एक्स्पर्ट आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी नाही म्हणायच्या आत त्यानं मेसेज केलासुद्धा.

ती शनिवारी आली. मोजे काढले, घडी केली, चादर काखेत. आईला नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही नेहमीसारख्या पडा, मी तुमच्या बाजूला पडते." आई माझ्याकडे न बघता सरकली. माझी आई! जी पाहुण्यांसमोर पाय वर घेऊन बसत नाही. दोघी शेजारी शेजारी आडव्या झाल्या, आणि रंजना म्हणाली, ताई, दार लावून घ्या, आवाज बाहेर जातो. मी माझ्याच घरात, माझ्याच आईच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं.

मी ओट्याशी, ऑफिसातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत, भाजी चिरत होते. बराच वेळ आत नुसती शांतता होती, टीव्हीही बंद. मग मालिका लागली. आणि मग हसणं आलं. आईचं हसणं, तो ठसका लागेपर्यंतचा, जो बाबा गेल्यापासून मी ऐकला नव्हता. मी सुरी खाली ठेवली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, कुठल्याही भल्या मुलीला झाला असता. मी मात्र हिशेब मांडायला लागले. हे हसू माझ्यासाठी का नाही? तिकीट मी काढलं, कागदपत्रं मी केली, पथ्याचं मी सांभाळते, आणि हसू कुणासाठी, तर चार घरं पलीकडच्या बाईसाठी. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मग, कुठला घ्यायचा? रंजना म्हणाली, सांगता येत नाही ताई, आणखी ऐकावं लागेल.

आणि मग ते सुरू झालं. दर शनिवारी रंजना आईला गाडीत घालून दुकानात न्यायची. दोघी एक खोकं घेऊन यायच्या, लावायच्या, दार बंद करून आडव्या होऊन ऐकायच्या, आणि पुढच्या शनिवारी ते रिटर्न करून दुसरं आणायच्या. आईला या रिटर्नची अशी गोडी लागली की विचारू नका. खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा न् तुकडा जपून ठेवायची, पिशव्यांच्या घड्या करायची. काउंटरवरच्या पोरीशी तिची ओळख झाली. आईचं इंग्लिश म्हणजे ऑपरेटरचं, मोजकं आणि ठणठणीत, ती तिथे जाऊन सांगायची, "साउंड इज गुड, बट नॉट फॉर मी." ती पोरगी मान डोलवायची. परत येताना दोघी कुठेतरी कॉफी प्यायच्या. महिन्याभरात आई तिला रंजू म्हणायला लागली. मला जन्मात कधी स्मितू म्हणाली नाही.

मी रंजनाला एकदा स्पष्टच विचारलं, अगं इतक्या लोकांचं तू एका बैठकीत सांगितलंस, माझ्या आईचंच का जमत नाही? ती म्हणाली, "काकूंचे कान तयारीचे आहेत ना वो, घाई करून नाही चालत." मला वाटलं, ही मुद्दाम लांबवतेय. तिच्याही घरी कोण होतं म्हणा बोलायला. तिच्या स्वतःच्या बेडरूममधल्या टीव्हीला काहीही जोडलेलं नव्हतं, आतला चिरका आवाज तसाच. मंडळात लोक त्यावरून तिला चिडवायचे. ती म्हणायची, मला काय, झोप लागेस्तोवर कोणी बोलत असलं म्हणजे झालं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की हिला घरी करमत नाही म्हणून ही माझी आई वापरतेय.

एका दुपारी जेवताना आई मला म्हणाली, "त्या शॅरनच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं का गं?" शॅरन माझ्या टीममधली, मिनेसोटात बसते, आमचं दिवसातून दहा वेळा बोलणं होतं. मी म्हटलं, झालं, बरा आहे आता. मला वाटलं, आपणच कधीतरी सांगितलं असेल. आई म्हणाली, "बरं झालं. तू फार काळजी करत होतीस." आणि ताट उचलून सिंककडे गेली.

मग रंजना नागपूरला गेली, भावाच्या मुलीच्या लग्नाला. माझी वेळ आली. मी शीट पुन्हा उघडली आणि एक सिस्टिम मागवली. मधला एक चांगला लांब साउंडबार, पलंगाच्या दोन्ही बाजूंना लहान स्पीकर, सबवूफर नाही, आणि माणसाचं बोलणं तेवढं वर काढून देणारं एक बटण. मिलिंदनं सगळं भिंतीवर बसवलं, वायरी लपवल्या. मी स्वतः मोहरीची फोडणी फोनवर रेकॉर्ड करून वाजवून पाहिली, हो, केलं मी ते. दाणा न् दाणा आला. आई पलंगावर बसून मालिका बघत होती आणि दाराबाहेर एक शब्द ऐकू येत नव्हता. मी विचारलं, कसं आहे? आई म्हणाली, "छान आहे हो." आमचं घर शांत झालं. माझ्या मीटिंगा शांत झाल्या. सासवा गेल्या. मी दिवसभर सलग काम करायला लागले, आणि जिंकल्यासारखी झोपायला लागले.

रंजना परतली ती संत्रा बर्फी घेऊन. मी तिला हाताला धरून आईच्या खोलीत नेलं. आई मागच्या अंगणात तिच्या कढीपत्त्याला पाणी घालत होती. रंजनानं मोजे काढले, चादर अंथरली, पडली. मोहरी वाजवली. मालिका लावली. पूर्ण ऐकली. उठून बसली आणि म्हणाली, "वाईट नाही, ताई. यात मला काहीच काढता येत नाही."

मी इतकी खूश झाले की बर्फी आणायला वळले. तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुम्ही पडा जरा इथे."

मी म्हटलं, मला काय करायचंय? ती म्हणाली, पडा ना. तिनं टीव्ही बंद केला. मी त्या चादरीवर, आईच्या उशीवर डोकं ठेवलं. त्या खोलीत मी आयुष्यात कधी आडवी झाले नव्हते. रंजना म्हणाली, डोळे मिटा. मी मिटले.

माझ्या स्टडीत मिलिंद फोनवर होता. भिंतीपलीकडून त्याचा शब्द न् शब्द येत होता. तो कुणालातरी गुडघ्याचं सांगत होता, मग हसला, मग खुर्ची करकरली. जणू तो त्याच पलंगाच्या कडेवर बसला होता.

"इतकं ऐकू येतं?" मी म्हटलं.

"इतकं. काकूंचे कान शाबूत आहेत, ताई. तुम्ही दिवसभर त्या शॅरनशी बोलता, हसता, ते पूर्ण त्या इथं पडून ऐकतात. मग टीव्ही मोठा करतात."

"माझं ऐकू येऊ नये म्हणून?"

"तुम्ही याव्या म्हणून."

मी उठून बसले. रंजना चादरीची कड सारखी करत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जळतात काकू. त्या शॅरनवर. तुमच्यावरच गेल्या आहेत."

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला, तोही रंजनाचाच. मी म्हटलं, हे आईनं तुला सांगितलं? मला नाही, तुला? ती म्हणाली, त्यांनी काहीच नाही सांगितलं, पहिल्याच दिवशी मी टीव्ही बंद करून पडली होती ना इथे, तुम्ही बाहेर फोनवर बोलत होत्या, काकूंचा चेहरा पाहिला मी. "म्हणून तर मी डबा निवडून नाही राहिली होती," ती म्हणाली. आई तिच्याकडे मन मोकळं करून बसली असती तर मला आईवर रुसता आलं असतं. तेही या बाईनं ठेवलं नाही. ती नुसती माझ्या आईच्या शेजारी आडवी झाली होती आणि तिला कळलं होतं.

बागेतून आईनं हाक मारली, रंजू आली का गं? आणि रंजना बर्फी घेऊन तिच्याकडे गेली.

त्या शनिवारी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं रिटर्न केलं. मुदत अजून शिल्लक होती. मिलिंदनं भिंतीवरून सगळं उतरवलं आणि विचारलं, बिघडलं का? मी म्हटलं, गप उतरव. आईला एवढंच सांगितलं, की मला ते पटत नाहीये, दुसरं बघू, तू चल. आईनं थर्मोकोल कुठे ठेवलाय ते लगेच काढून दिलं. काउंटरवरच्या त्या ओळखीच्या पोरीनं विचारलं, यात प्रॉब्लेम काय आहे? मी उत्तर जुळवत होते. आई पुढे झाली आणि म्हणाली, "नथिंग राँग. टू गुड."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पावतीची घडी करत होती.

पुढचे शनिवार मी घेतले. रंजनाला मी सांगितलं, आता मी पण येणार. दोन-तीनदा आम्ही तिघी गेलो. मग रंजनाला अचानक शनिवारी कपडे धुवायचे असायचे, मुलाला भेटायला जायचं असायचं. ती बाजूला होतेय हे मला कळत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या या मोठेपणानं मी आणखीच जळले, कारण तिच्या जागी मी असते तर एक शनिवार सोडला नसता. आणि आई खोकं लावताना अधूनमधून म्हणायचीच, रंजू असती तर तिनं ही वायर इकडून घेतली असती. मी वायर तिकडूनच घ्यायचे.

टीव्ही पुन्हा मोठा झाला. मी उठते, दारात जाते, म्हणते, आई, आवाज! ती पलंगाची कड थोपटते. मी बसते. कोण कुणाची जाऊ आहे ते मला आता पाठ झालंय, आणि शॅरनला मी म्हणते, फाइव्ह मिनिट्स.

त्या वर्षाअखेरीला रंजनाच्या कंपनीनं तिची आख्खी टीम काढली. व्हिसाचा प्रश्न, हातात दिवस थोडे. तिला ओहायोत, डब्लिनला नोकरी मिळाली आणि बघता बघता घरावर विक्रीचा बोर्ड लागला. मला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. मी तिच्यासाठी वाटेत खायला दशम्या केल्या, चांगल्या केल्या, आणि तिला 'वाईट नाही' म्हणायची तरी संधी मिळावी अशी माझी इच्छा होती.

सकाळी आई आणि मी डबा घेऊन गेलो. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता, नवरा पुढे पोहोचला होता. दार उघडंच होतं. मी हाक मारली तर माझाच आवाज भिंतींना लागून परत आला. ती बेडरूममध्ये होती. रिकाम्या खोलीत, कार्पेटवर, चादर अंथरून, अनवाणी, डोळे मिटून. टीव्हीच्या जागी भिंतीवर नुसती चार भोकं.

"काय ऐकतेस गं?" आईनं विचारलं.

"काहीच नाही ना वो काकू. इथं कधी काही ऐकूच नव्हतं आलं."

आईनं गुडघ्यावर हात ठेवला, हळूच खाली बसली, आणि मी हात द्यायच्या आत तिच्या शेजारी आडवी झाली. दोघी छताकडे तोंड करून पडल्या. मी डबा धरून दारात उभी होते, आणि मला वाटलं, जाऊ द्या, आता हे शेवटचं आहे, एवढं देऊन टाकावं हिला. वाटलं, पण देववलं नाही माझ्यानं. मी पाय वाजवले.

"स्मिता आत येतेय," आई डोळे न उघडता म्हणाली.

रंजना उठली. हसली. माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून उभ्या उभ्या दशमीचा तुकडा तोंडात टाकला, चावत राहिली आणि म्हणाली, "मस्त झाली आहे, ताई." मग तिनं चादरीकडे हात केला. "पडा तुम्ही इथे. मला तसंही निघायचं आहे. जाताना दार ओढून घ्या. चादर मग पाठवा पोस्टानं."

मी पडले. चादर तिच्या अंगानं गरम होती. रंजनाची पावलं माझ्या कानाजवळून गेली, अनवाणी, मग हॉलमध्ये, मग थांबली, मोजे घालत असणार. मग चपला. दार. गाडीचं दार. इंजिन सुरू झालं, ड्राइव्हवेवरून मागे गेलं, गल्लीत वळलं, आणि लांब लांब होत गेलं. मी जीव कानात आणून ऐकत होते. मग काहीच उरलं नाही, नुसती रिकामी खोली. मी उठायला लागले.

आईनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांब," ती म्हणाली, "मला अजून येतंय ऐकू."